ग्यासची न्हाणी

फोटोत बाटली नव्हती.

सकाळी साडेआठला, चौक फाट्यावरच्या टपरीवर, एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून मी तो फोटो पाहिला. पुण्याच्या लोकांनी ग्रुपवर टाकला होता. आमच्या खालापूरच्या प्रयोगशाळेतली मांडणी त्यांनी तिकडे जशीच्या तशी उभी केली होती. डावीकडे वायूचा सिलिंडर, मग नळी, मग दाब दाखवणारं मीटर, मग क्वार्ट्‌झची ती हातभर लांब काचनळी, तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची जाळी आणि शेवटी बर्फात बुडवलेली छोटी कुपी. खाली डॉक्टर मनोज यांनी लिहिलं होतं, "आराखड्याप्रमाणे सगळं तंतोतंत केलं आहे. तीन आठवड्यांत एक थेंबही मिळालेला नाही. खालापूरचे आकडे पुन्हा तपासून घ्यावेत. उद्या सकाळी दहाला बोलू." भाषा सभ्य होती. सभ्य भाषेत एखाद्याला लबाड कसं म्हणतात ते मला तीस वर्षांच्या नोकरीत नीट कळलं आहे. पण मला खटकलं होतं ते वेगळंच, आणि काय ते आधी कळेना. रोजच्या भिंतीवरचं कॅलेंडर कोणी काढून नेलं की आपण नुसते भिंतीकडे बघत राहतो, तसा मी त्या फोटोकडे बघत राहिलो. मग एकदम लक्षात आलं. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये काहीच नव्हतं. माझ्या इथे तिथे एक बाटली असते. पाण्याची. आठ महिने आहे. ती मी लावली आहे आणि मी ती कोणालाही सांगितलेली नाही. अर्धा चहा शर्टावर सांडला. टपरीवाला म्हणाला, "झहीरभाई, काय झालं, घरून फोन हाय काय?" मी म्हटलं, "तसंच समज."

आम्ही तिथे काय करतो, हे मी एकदा माझ्या बायकोला, नाझियाला, समजावलं होतं. कारखान्यांच्या धुराड्यांतून जो कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो आणि ज्याच्या नावानं सगळं जग आज बोटं मोडतंय, तो काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात थोडा हायड्रोजन सोडायचा आणि नळीला बाहेरून विजेचा मोठा दाब द्यायचा. मग आत वायू वायू राहत नाही, जांभळा उजेड होतो. त्याला प्लाझ्मा म्हणतात. त्या उजेडात तो हट्टी वायू फुटतो, आणि नळीत आधीच भरून ठेवलेले बारीक खडे, उत्प्रेरक, फुटलेले तुकडे पुन्हा वेगळ्या तऱ्हेनं जोडतात. त्यातून मेथॅनॉल निघतं. इंधनाला चालतं, रंगाला चालतं, औषधांच्या कारखान्यांना चालतं. नाझियानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोड्यातलाच ग्यास ना? तुमच्या अब्बांनी जन्मभर तो बाटलीत कोंडला आणि तुम्ही आता तो फोडायला बसलाय." मी हसलो होतो. आमच्या डॉक्टर लोकांनी त्यावर चाळीस पानं लिहिली आहेत, तिनं एका वाक्यात आटपलं. मी तिथला डॉक्टर नाही हे सांगायला हवं. मी तंत्रज्ञ. नळ्या जोडणं, गळती बघणं, सिलिंडर बदलणं, वहीत नोंदी करणं ही माझी कामं. सिलिंडरांची खोली भिंतीच्या पलीकडे, मागच्या बाजूला आहे. तिकडे कोणी फिरकत नाही. भिंतीला एक भोक आहे, त्यातून नळी आत येते. भोकाच्या अलीकडे प्रयोग करणाऱ्या समीक्षामॅडमचं राज्य आणि पलीकडे माझं.

गेल्या जुलैत नेहमीचा सिलिंडर वेळेवर आला नाही म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्याकडून एक मागवला. मी चावी किंचित फिरवली आणि नाकाशी तो वास आला. हलका आंबूस, गूळ फसफसल्यासारखा. मद्याच्या कारखान्यातून पकडलेल्या वायूला तो वास असतो हे ज्ञान नंतरचं. त्या क्षणी मी कशेळ्याला होतो. मुरबाडच्या रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड होती, दारावर निळ्या रंगात 'नसीबा सोडा फॅक्टरी', आणि अब्बा आत सिलिंडरची चावी फिरवून नाक पुढे करून म्हणत होते, "आज लय वास हाय. दोनदा आंघोळ घालाया लागंल." नसीबा माझ्या आईचं नाव. फॅक्टरीला बायकोचं नाव दिलं म्हणून गावातले लोक अब्बांना चिडवायचे. ते म्हणायचे, "तिच्यातच फेस हाय, सोड्यात काय हाय?" आई आतून भांडं आपटायची. फॅक्टरी म्हणजे काय, तर एक हाताचं यंत्र. जाडजूड हिरवट काचेच्या, गळ्यात गोटी असलेल्या तीन बाटल्या लोखंडी पिंजऱ्यात बसवायच्या आणि दांडा धरून पिंजरा गरगर फिरवायचा. वायू आत शिरायचा, गोटी वर येऊन गळ्यातल्या रबराला घट्ट बसायची. कधी एखादी बाटली फुटायची. अब्बांच्या उजव्या भुवईत तशा एका बाटलीची खूण होती. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरचे लोक खाली उतरायचे, जीप भरभरून यायच्या, आणि दिवसभर आमच्या दारात गोट्या आत ढकलल्याचा टॉक टॉक आवाज चालायचा. तो आवाज मला अजून ऐकू येतो. अगदी खरं सांगायचं तर जांभळा उजेड पेटल्यावर नळीतून जो बारीक चरचराट येतो, त्याच्या आडूनसुद्धा मी तोच आवाज ऐकत असतो.

सिलिंडर आणि पिंजरा यांच्यामध्ये अब्बांची न्हाणी असायची. तांब्याएवढं, झाकण आवळून बंद केलेलं पितळी भांडं. आत पाणी. वायू एका नळीनं पाण्याच्या तळाशी जायचा आणि बुडबुडे होऊन वर दुसऱ्या नळीनं बाहेर पडायचा. वास, तेल, जे काही असेल ते पाण्यात राहायचं. ग्यासची आंघोळ होते ती जागा, म्हणून घरात सगळे त्याला न्हाणीच म्हणत. अशी न्हाणी मी दुसऱ्या कोणत्याही सोडावाल्याकडे पाहिली नाही. पाणी रोज सकाळी बदलायचं. ग्यास किती सोडायचा त्याला मीटर नव्हतं. अब्बा भांड्याला कान लावायचे. "आपला एक श्वास आत, त्यात तीन बुडबुडे. चार झाले का घाई झाली, दोन झाले का आळस." पंधरा-सोळा वर्षांचा होईपर्यंत मीही कान लावून मोजत असे. पितळ थंडगार असायचं आणि कानाला ते बरं वाटायचं. तर गेल्या जुलैत, तो वास आला आणि माझ्या हातांनी मला न विचारता कपाटातली काचेची बाटली काढली, पाणी भरलं आणि नळीत बसवली. पाण्यातून वायू धुऊन घेतला की पुढे तो सुकवावाही लागतो, हे रसायनशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगेल. पदवीच्या परीक्षेत मीही ते लिहून आलो आहे. पण माझ्या हातांना ते माहीत नव्हतं. सोड्याच्या धंद्यात ग्यास सुकवायचा विचार कोणाच्या मनात येणार? तो जायचाच असतो पाण्यात. माझी चूक ती एवढीच, आणि ती सोडावाल्याच्या घरी वाढलेला माणूसच करू शकतो. वहीत नोंद केली नाही, कारण जेवायच्या आधी हात धुतले अशी नोंद कोणी करत नाही. पुढच्या आठवड्यात नेहमीचा स्वच्छ सिलिंडर आला, पण बाटली काढायला माझा हात झाला नाही. तिथे ती बरी दिसत होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात समीक्षामॅडमनी नळीत नवे खडे भरले होते. सतरा नंबरचे. ही मुलगी कडावकडची, घरी भातगिरणी. मुंबईला शिकली, डॉक्टर झाली, आणि घरच्या गिरणीतल्या तुसाची राख आणून त्यातून तिनं हे खडे बनवले, वर तांब्याचा हलका थर. सोळा वेळा काही झालं नाही. सतराव्या वेळी कुपीत थेंब दिसला. चार दिवसांत पडद्यावरच्या आलेखात मेथॅनॉलचं टोक इतकं उंच गेलं, की ती दोन पायऱ्या एकदम उतरत माझ्या खोलीपर्यंत पळत आली. "झहीरभाई, आला! आला!" जणू घरात पाहुणाच आला होता. पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले. बाटली माझ्या मागेच बुडबुडत होती.

चौकापासून खालापूरपर्यंत स्कूटरवर मी स्वतःशी तीन वेळा वेगवेगळा निर्णय घेतला. बाटली गुपचूप काढून टाकावी. मग आमच्याही इथे थेंब यायचा बंद होईल, खड्यांचा जोर संपला असं सगळे म्हणतील, आणि कोणाला काही कळणार नाही. दुसरा निर्णय आणखी हुशारीचा होता. पुण्याच्या तंत्रज्ञाला खासगीत फोन करून सांगावं, बाबा रे, एक बाटली लाव. हे दोन्ही निर्णय घेताना मला स्वतःची शिसारी आली, पण घेतले हे खरं. माझं कंत्राट मेमध्ये संपतं. नोंद न करता मांडणी बदलली, एवढं एक वाक्य ते न वाढवायला पुरेसं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कदाचित त्या खड्यांत काही नव्हतंच. कदाचित सगळं पाण्यानंच केलं होतं. तसं असेल तर त्या मुलीची तीन वर्षं मी माझ्या एका बाटलीत बुडवणार होतो. तरी फाटकाशी पोचताना तिसरा निर्णय घेतला, तिला सगळं दाखवायचं.

प्रयोगशाळेत ती एकटीच होती. पुण्याचा तोच फोटो तिच्या पडद्यावर मोठा करून ठेवलेला. डोळे सुजलेले होते, पण केस नीट बांधलेले. मला बघून म्हणाली, "झहीरभाई, तुम्हीच सांगा, मी आकडे बनवले असतील असं वाटतं का हो तुम्हाला?"

"मॅडम, जरा मागे चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"माझ्या खोलीत."

तीन वर्षांत ती त्या खोलीत आत कधी आली नव्हती. दारातच थांबून तिनं सिलिंडर पाहिला, मग बाटली पाहिली. बुडबुडे निवांत वर येत होते.

"हे काय?"

"पाणी. ग्यास धुवायला. जुलैपासून आहे."

"आणि पुढे सुकवायला?"

"काही नाही."

मला वाटलं ती ओरडेल. तिनं नळी बाटलीपासून भोकापर्यंत बोटानं चाचपली. मग अगदी हळू म्हणाली, "मी सगळीकडे छापलंय, कोरडा वायू म्हणून. माझ्या नावावर छापलंय. तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. आमच्याकडे असंच करायचे."

"आमच्याकडे म्हणजे?"

"आमची सोड्याची फॅक्टरी होती. कशेळ्याला."

ती खाली वाकली, बाटलीला बोट लावलं, बोट पुसलं आणि म्हणाली, "काढा ती. आज दिवसभर आपण दोघं बसणार आहोत."

बाटली काढली, नळ्या कोरड्या वायूनं धुतल्या. ओल जायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत आम्ही समोरासमोर स्टुलांवर बसून होतो आणि मधे ती नळी जांभळी जळत होती. असं बसलं की माणूस भलतीकडे जातो. मी गेलो तो एका बाजाराच्या दिवसात. मी बावीस वर्षांचा, नुकताच पदवीधर, खोपोलीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलेला, आणि सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये उभा. दारात गर्दी. सगळ्यांत पुढे सहदेव, डोंगरातल्या वाडीवरचा, दर बाजाराला दोन बाटल्या ठरलेल्या. अब्बा न्हाणीला कान लावून बसलेले. मला त्या कान लावण्याची लाज वाटली. कारखान्यात मी काचेवरच्या रेघा वाचून वायू मोजायचो आणि माझा बाप पितळेला कान लावून श्वास मोजत होता. मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं, म्हणालो, "अब्बा, हे धुणंबिणं काही उपयोगाचं नाही. ग्यास तिकडून स्वच्छच येतो. तुम्ही उगाच वेळ घालवताय आणि लोक खोळंबलेत." लोक हसले. अब्बांनी कान काढला, माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हेच मला नंतर छळत आलं. सहदेवकडे वळून म्हणाले, "शिकल्याला पोरगा सांगतोय. आसंल खरं." आणि मला म्हणाले, "बरं." त्यांनी तिथेच न्हाणी सोडवली आणि कोनाड्यात ठेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी खोपोलीहून पाचच्या एसटीनं परत आलो की ती मला कोनाड्यात दिसायची. कोरडी, चकचकीत. पहिले काही दिवस मला जिंकल्यासारखं वाटलं. मग वर्षभरात सहदेव एकदा बाटली अर्धी ठेवून म्हणाला, "सोड्याला पयल्यावानी चव नाय रं ऱ्हायली," आणि ते वाक्य माझ्या पोटात जे बसलं ते बसलंच. गिऱ्हाईक कमी होत गेलं. चार वर्षांत फॅक्टरी बंद झाली आणि आम्ही कर्जतला राहायला आलो. सगळे म्हणाले, प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, थंडगार, रंगीत, त्यांच्यापुढे गोटीसोडा कुठे टिकणार. मीही तसंच म्हणायचो. पण आतून मला ठाऊक होतं की सोड्याची चव मी घालवली. अब्बा जाऊन पंधरा वर्षं झाली. मी त्यांना कधीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते तेही मला ठाऊक होतं. 'बरं' म्हणाले असते.

"झहीरभाई," समीक्षामॅडम म्हणाल्या, "बघा."

पडद्यावरचं टोक खाली आलं होतं. जवळजवळ सपाट. पुण्याच्या पडद्यावर जे होतं तेच. तिनं सुईनं वायूचा नमुना तीनदा यंत्रात सोडून पाहिला, तिन्ही वेळा सपाट. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. खरी परीक्षा पुढे होती आणि ती तिनं स्वतःच ठरवली. बाटली परत लावायची, पण नळीतून सतरा नंबरचे खडे काढून त्याच आकाराचे साधे काचेचे मणी भरायचे. नुसत्या मण्यांवरही मेथॅनॉल आलं, तर खड्यांचा काही संबंध नाही. ती राख, तो तांब्याचा थर, गिरणी, तीन वर्षं, सगळं फुकट. मणी भरताना तिच्या हातून चार-पाच मणी फरशीवर टणटणत गेले. मी ते गोळा केले. गोटीच्या बाटल्यांतल्या गोट्या फुटक्या काचेतून काढून मी लहानपणी अशाच जमवायचो. ते तिला सांगावंसं वाटलं, पण ती वेळ नव्हती. जेवायची सुट्टी होऊन गेली. तिनं डबा उघडलाच नाही. मीही नाही. दुपारभर त्या खोलीत एक यंत्र चरचरत होतं आणि दोन माणसं आपापल्या बापांच्या धंद्यावर निकाल ऐकायला बसली होती.

साडेचारला आकडा आला. टोक होतं, पण एवढंसं. कालच्या एकपंचमांशसुद्धा नाही.

तिनं कागदावर चार चौकोन आखले. कोरडा वायू आणि खडे, काही नाही. ओला वायू आणि मणी, जरासं. ओला वायू आणि खडे, भरपूर. चौथा चौकोन करायची गरजच नव्हती. ती त्या कागदाकडे बघत बसली आणि मग हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. "म्हणजे माझे खडे खोटे नाहीत," ती म्हणाली. "फक्त त्यांना पाणी लागतं. मला माहीतच नव्हतं त्यांना पाणी लागतं."

"चूक माझी आहे, मॅडम. मी लिहून देतो."

"लिहून नको." तिनं ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. "छापलेलं मागे घ्यावं लागेल. वरचे लोक काय करतील ते मला माहीत नाही. पण उद्या दहाला पुण्याचे सगळे पडद्यावर समोर असतील, आणि वायू कसा धुतला, पाणी कधी बदललं, वेग किती ठेवला, हे त्यांना सांगायचं. ते तुम्ही सांगायचं. मी शेजारी बसेन."

"मी?"

"मग कोण? वेग किती ठेवता तुम्ही?"

मी भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. मग म्हटलं, "एका श्वासाला तीन बुडबुडे."

तिनं पेन उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. हसली मात्र नाही. "हे उद्या असंच सांगा," ती म्हणाली. "मिनिटाला किती होतात ते आपण मोजून घेऊ. पण आधी असंच सांगा."

परतताना पळसदरीच्या बाजूनं ऊन कलत होतं आणि घाटावरून गाडी उतरत असावी, तिचा घरघराट येत होता. माझं मन उद्याच्या दहामध्ये अडकलं होतं. सात-आठ डॉक्टर, चौकोनाचौकोनांत बसलेले चेहरे. त्यांच्यासमोर मी, बावन्न वर्षांचा, सांगणार की आमच्या वडिलांची सवय होती. श्वास मोजायचे. त्यांच्यातला एखादा बावीस-पंचवीस वर्षांचा हसेल. त्याचं हसणं मला आत्ताच ओळखीचं वाटत होतं, कारण ते माझंच होतं. उद्या ताप आला असं कळवावं, हा चौथा निर्णय मी कर्जतच्या पुलावर घेतला. मॅडम हुशार आहेत, त्या सांगतील. लिहून देतोच की.

घरी आलो तर अम्मा ओट्यावर ताटात तांदूळ निवडत बसलेली. ऐंशीला आली, दिसतं कमी, पण खडा बोटाला बरोबर लागतो. मी बूटसुद्धा न काढता विचारलं, "अम्मा, अब्बांची न्हाणी कुठं हाय गं?"

"कंची? ग्यासची? माळ्यावर हाय, पिंपाच्या मागं. आज कशी याद आली?"

"काय नाय. मीच बंद करायला लावली होती ना त्यांना. कामावर आज तसंच काय निघालं, म्हणून."

अम्माचा हात तांदळात थांबला. "काय बंद करायला लावली?"

"न्हाणी. बाजाराच्या दिवशी बोललो नव्हतो का मी सगळ्यांसमोर? त्या दिवसापासून त्यांनी धुणं सोडलं. म्हणून चव गेली सोड्याची. सहदेव पण म्हणाला होता."

"सहदेवला कावीळ झाल्ती. त्याला भाकर पण कडू लागायची." ती हसायला लागली, तिला ठसका लागला, नाझियानं आतून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन अम्मा म्हणाली, "अरं खुळ्या, बंद कुठं केली? तू सकाळच्या यष्टीनं गेलास का लावायचे. पाचची यायच्या आधी काढून ठेवायचे. मला म्हनायचे, नसीबा, कान दे, यष्टीचा आवाज आला का सांग."

मी ओट्यावर बसलो. "आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी?"

"आदल्या दिशीच भरून ठेवायचे सगळ्या बाटल्या. डब्बल काम. हात भरून यायचे त्येंचे, मी तेल लावायची."

"चार वर्षं?"

"दुकान होतं तंवर."

"मला का नाय सांगितलं?"

"मी म्हनायची ना, सांगा त्याला. तर म्हनायचे, पोरगा एवढा शिकून आला, हौशीनं कायतरी सांगतोय. त्याला खोटं कशाला पाडायचं." तिनं एक खडा ताटातून काढून अंगणात टाकला.

"पण अम्मा, मी रोज बघायचो ती. कोनाड्यात. कोरडी असायची."

"पुसून ठेवायचे. आधी फडक्यानं, मग घटकाभर उन्हात, मग परत फडक्यानं. आत बोट घालून बघायचे. थेंब ऱ्हाऊ द्यायचे नाय."

  ज्या भांड्याचा वापर चार वर्षं बंद आहे ते रोज इतकं चकचकीत कसं, हा प्रश्न मला, विज्ञानाच्या पदवीधराला, एकदाही पडला नव्हता. तीस वर्षं मी त्यांच्या एका 'बरं'चा अर्थ लावत बसलो होतो आणि ते रोज पाचच्या एसटीच्या आधी, माझ्यासाठी, एक पितळी भांडं कोरडं करत होते. मला त्यांचा राग आला. खूप आला. सांगितलं असतं तर एक दिवस लाज वाटली असती, संपलं असतं. मग राग गेला आणि त्यांना एकदा तरी, पाठीमागून, तो फडका फिरवताना बघायला मिळावं असं इतकं वाटलं की डोळ्यांपुढचं ताट दिसेना.

माळ्यावर चढून पिंपाच्या मागून मी न्हाणी काढली. हिरवी पडली होती, झाकण घट्ट बसलं होतं, पण उघडलं. चिंचेनं घासून घेतली, मागच्या नळाचं पाणी भरलं, झाकण आवळलं आणि एका नळीला तोंड लावून फुंकलं. तळातून बुडबुडे आले. अम्मा ओट्यावरून म्हणाली, "जोरात नको. तीन. एका दमात तीन." मी कान लावला. पितळ तसंच थंड होतं. पुन्हा फुंकलं, या वेळी बरोबर तीन आले.

पाणी मोरीत ओतलं. अम्मानं खांद्यावरचा फडका पुढे केला. "घे, पूस."

"नको, राहू दे. सकाळी न्यायचीय," मी म्हटलं, आणि न्हाणी ओलीच पिशवीत ठेवली.